मधाचा अंगठा

पाहुण्याला पाच दिवस हसत ठेवायचं काम अदिस अबाबात वुब्शेतसारखं कोणाला जमत नसे. कुठल्या दुकानात कॉफी उभ्यानेच प्यायची, मेर्कातोच्या बाजारात शिरताना पिशवी पोटाशी कशी धरायची, कुठल्या नाचगाण्याच्या हॉटेलात पोरी पाहुण्यांना हाताला धरून उठवतात, सगळं त्याला तोंडपाठ. पंधरा वर्षं तो हेच करत होता. त्याआधी काय करत होता ते कोणी विचारत नसे, आणि आपणहून सांगण्याइतका तो मूर्ख नव्हता.

सोमवारी सकाळी विमानतळावर त्याने पाटी धरली होती. पाटीवर नाव एल्के, पाहुणी बेल्जियमची. पिवळ्या केसांची बाई येईल म्हणून तो मान उंचावून बघत होता, आणि आली ती आपल्यातलीच पोर, वीसएक वर्षांची, रुंद कपाळाची. हमाल तिला अम्हारिकमध्ये म्हणाला, "आण गं ताई, बॅग दे इकडे." ती कसनुसं हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "मला कळत नाही हो." हमाल वुब्शेतकडे वळला. "घ्या! चेहरा आपला आणि जीभ तिकडेच विसरून आली."

गाडीत बसल्या बसल्या एल्केने सांगून टाकलं. "हे बघा, माझा जन्म इथलाच. दत्तक गेले मी. पण मी मुळंबिळं शोधायला आलेली नाही. जन्म देणारी आई क्षयाने गेली, तसं पत्र आलं होतं आम्हाला. तेव्हा अनाथाश्रम, थडगं, रडारड, यातलं मला काही दाखवू नका. मी मजा करायला आलेय."

"मजाच करू," वुब्शेत म्हणाला. हे वाक्य तो दर सोमवारी म्हणत असे.

"आणि कसली मजा तेही ठरलंय." तिने पिशवीतून एक जुनी वही काढली. "ही माझ्या आईची. म्हणजे तिकडच्या. मला न्यायला आली तेव्हा कागद होईपर्यंत आठवडाभर इथे अडकली होती. त्या आठवड्यात काय काय केलं ते लिहून ठेवलंय तिने. यंदा फेब्रुवारीत वारली ती. शेवटपर्यंत म्हणायची, अदिसचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा. मला ते सगळं तसंच करायचंय."

यादीत सात गोष्टी होत्या. म्युझियममधली लाखो वर्षांपूर्वीची हाडं. पियासा भागात उभ्याने कॉफी. लोण्यातलं कच्चं मांस, निदान एक घास. मेर्कातोतून टोपली. खांदे उडवायचा नाच. एंतोतोचा डोंगर. वुब्शेत मान डोलावत वाचत गेला आणि सातव्या ओळीवर त्याची मान थांबली. ‘मधाचा अंगठा’, असं लिहिलं होतं, पुढे उद्गारचिन्ह.

"तो सातवा प्रकार तुम्हाला माहीत असेल ना?" एल्केने वहीतून एक फोटो काढून त्याच्यापुढे धरला. कुठलीशी कचेरी. एक गोरी बाई तोंड भरून हसतेय, तिचा अंगठा पुढे, आणि दोनतीन वर्षांची पोर तो अंगठा चोखतेय. एका कडेला पांढऱ्या शालीचा काठ आलाय. दुसऱ्या कडेला नुसतंच एक मनगट, चौकोनी घड्याळ बांधलेलं.

वुब्शेतने स्टिअरिंगवरचा डावा हात खाली घेतला आणि बाही घड्याळावर ओढली. घड्याळ तेच होतं. "माहीत आहे," तो म्हणाला. "पण आता फारसं कोणी करत नाही ते. बघू."

"बघू नाही हं. मला तर तेच सगळ्यात आधी हवंय."

"शेवटी ठेवू. गोडाचं शेवटी बरं," असं म्हणून त्याने गाडी सुरू केली.

आता ते मनगट त्या फोटोत कसं आलं, तर सतरा वर्षांपूर्वी वुब्शेत मुलं दत्तक देणाऱ्या एका संस्थेत दुभाषा होता. संस्था पुढे बंद पडली. फिरंगी जोडपी यायची, समोर खेड्यातली बाई बसायची आणि मध्ये वुब्शेत. संस्थेचा साहेब चांगला पाव तास कागद वाचायचा. आईचे सगळे हक्क कायमचे संपले, मुलावर पुन्हा दावा करता येणार नाही, पत्ता मागता येणार नाही. सुरुवातीला वुब्शेतने यातला शब्दन् शब्द सांगून बघितला होता. लागोपाठ दोन बाया पोर काखेला मारून उठून गेल्या. साहेबाने त्याला बाजूला घेऊन झापलं, "तुला भाषांतराला ठेवलाय की लोकांना घाबरवायला?" त्यानंतर वुब्शेतला एक सोयीचा शब्द सापडला. मादेगो.

मादेगो म्हणजे पोर दुसऱ्याच्या घरी वाढतं, त्यांचं अन्न खातं, त्यांना आईबाप म्हणतं आणि सणाला आपल्या घरी येतं. मोठं झालं की त्याला दोन घरं असतात. खेड्यात अशी पोरं गल्लोगल्ली. म्हणून तो शब्द ऐकला की बायांच्या जिवात जीव यायचा. आणि खोटं काय होतं त्यात? सरकारी कागदावर दत्तकाला हाच शब्द छापलेला होता. वुब्शेत स्वतःची अशी समजूत काढायचा आणि रात्री शांत झोपायचा.

तिरुवर्क अशाच बायांपैकी एक. नवरा गेलेला, छातीत क्षय, मांडीवर तीन वर्षांची मासरेशा. मासरेशा म्हणजे दुःख विसरायला लावणारी. आधीचं मूल गेलं म्हणून हिचं नाव तसं ठेवलेलं. साहेबाने पाव तास वाचलं, आणि वुब्शेत म्हणाला, "मादेगो."

"एवढंच?" तिरुवर्कने विचारलं. "साहेब तर केवढं बोलले, गेताये." गेताये म्हणजे माझे मालक. गरीब बाया कचेरीतल्या कोणालाही तसं म्हणायच्या.

"फिरंग्यांची भाषा लांबलचक असते, बाई. अर्थ एवढासाच."

मग तिने शालीच्या गाठीतून मधाची चिमुकली बाटली काढली. तिच्या गावाकडची रीत होती. पोर घेणाऱ्याने अंगठा मधात बुडवायचा आणि पोराने तो चोखायचा. त्या घडीपासून पोर त्या अंगठ्याचं. पण अंगठाही बांधला जायचा. पोराला त्याच्या माणसांपासून तोडलं तर तो हात सडतो, असं तिच्या गावात म्हणत. "हे त्यांना नीट समजावून सांगा, गेताये," ती म्हणाली. वुब्शेतने गोऱ्या बाईला सांगितलं, "आमच्याकडे निरोप असा गोड करून देतात." बाईला इतका आनंद झाला की तिने दोनदा अंगठा बुडवला. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मग तिरुवर्कचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उठवून घेतला. एवढ्या सगळ्यातून तिच्या वाट्याला काय आलं म्हणाल तर अंगठाच.

पण तिरुवर्क मेली नाही. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाऊन वर्षभरात खडखडीत बरी झाली, शहरात आली, एंतोतोच्या पायथ्याशी खोली घेऊन डोंगरावरून जळण आणून विकायला लागली. आणि मेस्केलच्या सणाला पिवळी फुलं घेऊन वुब्शेतच्या दारात उभी राहिली. "सण आलाय, गेताये. पोर कधी येणार?"

"शाळा आहे तिची," वुब्शेत म्हणाला. दुसरं काय सुचणार?

पुढच्या मेस्केलला ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. वुब्शेत बातम्या द्यायला लागला. पोरीचे दुधाचे दात पडले. सायकल शिकली. वर्गात पहिली आली. आता डॉक्टर होणार. सतरा वर्षांत त्याने तिरुवर्कला एक अख्खी मुलगी रचून दिली. मध्येच एकदा बेल्जियमहून संस्थेत पत्र आलं होतं, मुलीची आई कशी आहे, तिचा एखादा फोटो पाठवाल का, म्हणून. साहेब म्हणाला, हे प्रकरण मिटवून टाक. वुब्शेतने एका ओळीत उत्तर लिहिलं की बाई क्षयाने वारली. इकडे जिवंत मुलगी, तिकडे मेलेली आई, आणि मध्ये हा, दोन्हीकडे टपाल वाटत बसलेला.

तर अशी ती रचलेली मुलगी खरीखुरी होऊन त्याच्या गाडीत बसली होती, आणि ती अगदीच निराळी निघाली. मंगळवारी पियासात कॉफी पिताना त्याने सहज विचारलं, "शिकतेस काय?"

"कॉलेज सोडलं. बुटांच्या दुकानात आहे."

"डॉक्टरी वगैरे...?"

"मी?" ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारचे वळून बघायला लागले. "गणितात दोनदा नापास झालेय. आणि तिकडे सगळे सायकलवर, मला अजून येत नाही. भीती वाटते." वुब्शेतला तिचा चक्क राग आला. त्याने इतकी मेहनत घेऊन शिकवलेली पोर अशी वाया गेली.

बुधवारी त्याने तिला मुद्दाम उन्हं वर आल्यावर एंतोतोला नेलं. मोळीवाल्या बाया तोवर खाली उतरून गेलेल्या असतात. तरी तिघीचौघी मागे राहिलेल्या भेटल्याच, पाठीवर स्वतःहून लांब मोळी, कमरेत वाकलेल्या. वुब्शेतने एकेकीचा चेहरा न्याहाळला, पण त्यांत तिरुवर्क नव्हती. एल्केने फोटो काढला. "बापरे, केवढं ओझं!"

"सवय असते त्यांना," वुब्शेत म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द त्याला कडू लागले.

गुरुवारी टोपली झाली, नाच झाला. एल्के खांदे उडवत नाचली, घामाघूम होऊन खुर्चीत बसली आणि पुसायला घेतलेला रुमाल डोळ्यांवर धरून तशीच राहिली. "आईलाही हे जमलं नव्हतं म्हणे," ती म्हणाली. मग नाक पुसून तिने वही उघडली. "उद्या संध्याकाळी विमान. मध राहिलाय. हे टाळायचं नाही हं."

मध द्यायला आपल्या मेहुणीला शाल पांघरून बसवली असती तरी काम भागलं असतं. वुब्शेत तिच्या दारापर्यंत गेलाही. पण तिथून वळला आणि तिरुवर्कच्या खोलीवर गेला. त्याला वाटलं, तिने पोर डोळे भरून बघावी, पोरीला मध मिळावा, आणि आपल्या अंगाला काही लागू नये. अशीच दया त्याला परवडत होती.

तिरुवर्क दारात जळण फोडत होती. त्याला बघून उठली. "सण तर होऊन गेला, गेताये. तुम्ही इकडे?"

"ती आलीय."

कुऱ्हाड तिच्या हातातच राहिली. "कुठंय?"

"ऐक आधी. तिला काही ठाऊक नाही. अभ्यासाने थकलेली पोर, मनाने नाजूक. एकदम सांगितलं तर बिथरेल. उद्या घेऊन येतो. तू फक्त मध द्यायचा. नावाने हाक मारायची नाही. पुढच्या वर्षी राहायला येईल तेव्हा सगळं सांगू."

"माझ्या पोरीला मी नावाने हाक मारायची नाही?"

"एक दिवस, तिरुवर्क."

"सतरा वर्षं थांबले. एका दिवसाचं काय मोठंसं." तिने पदरासारखी शाल डोळ्यांना लावली. मग एकदम विचारलं, "तिला खायला काय आवडतं?"

सतरा वर्षं बातम्या देणाऱ्याला याचं उत्तर येईना. "काहीही कर," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दाराशी, बुधवारी डोंगरावर दिसल्या तशाच लांब मोळ्या रचलेल्या होत्या आणि खोलीत जमिनीवर ताजं गवत पसरलेलं होतं. धूप जळत होता, कॉफी उकळत होती, आणि थाळ्यात चार प्रकारची कालवणं, कारण कुठलं आवडेल ते माहीत नव्हतं. "अरे वा! नुसता मध नाही, जेवणपण?" एल्के खूश झाली. बुटक्या स्टुलावर बसून तिने सगळं चाखलं. तिरुवर्क घासाला हात लावेना. नुसती बघत होती.

"हिला मी आवडलेली दिसतेय," एल्के हसून म्हणाली. "किती टक लावून बघते!"

"पाहुण्यांचं कौतुक असतं," वुब्शेत म्हणाला.

मग मध आला. तिरुवर्कने आपला अंगठा बुडवला, जळणाने चिरलेला, भेगांत काळं बसलेला अंगठा. एल्केने एका हाताने मोबाईल लांब धरला, तोंड पुढे केलं, अंगठा चोखला आणि फोटो काढला. "गोड!" ती म्हणाली.

तिरुवर्कने तिची हनुवटी धरली आणि बोलायला लागली. "बाळा, ज्यांच्या अंगठ्याला तुला बांधलं त्यांनी तुला तोडलं, म्हणून मी त्यांना रोज शिव्या दिल्या. मग भीती वाटायची, त्यांचा हात सडला तर तुला घास कोण भरवेल? म्हणून शिव्या परत घ्यायची. दर मेस्केलला दोन भाकऱ्या जास्त केल्या. तू पांघरायचीस ती चिंधी अजून आहे. मी तुला टाकलं नाही गं. मी मरत होते, म्हणून वाढवायला दिलं होतं. आता तुझं तिकडचं झालं असेल तर घरी ये." बोलताना ती हात सोडत नव्हती, आणि बराच वेळ बोलली.

एल्के वुब्शेतकडे वळली. "काय म्हणाली?"

"स्वागत आहे, म्हणाली."

"एवढंच? केवढं बोलली ती!"

"आमची भाषा लांबलचक असते," वुब्शेत म्हणाला. वाक्य सवयीने, आपोआप बाहेर पडलं.

एल्केने वहीत सातव्या ओळीपुढे खूण केली. पाकिटातून एक नोट काढून तिरुवर्कच्या हातात ठेवली, तिला हलकेच मिठी मारली आणि गाडीत जाऊन बसली.

तिरुवर्क नोटेकडे बघत राहिली. "हे कशाचं?"

"असू दे. सणाचं समज."

"मला त्यांची भाषा येत नाही, गेताये. पण तिचा चेहरा कळला. त्या कचेरीत माझा असाच चेहरा झाला होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, फिरंग्यांची भाषा लांब असते, अर्थ एवढासा. आज लांब मी बोलले, आणि फिरंगी दोन शब्दांत आटपलं." तिने नोट त्याच्या खिशात कोंबली. "मग लांब भाषा कुणाची रे, वुब्शेत?"

सतरा वर्षांत तिने त्याला कधी अरे केलं नव्हतं. "मी समजावतो तुला," तो म्हणाला.

"तू गप बस."

ती गाडीपाशी गेली आणि काचेवर टकटक केलं. एल्केने हसत काच खाली केली. तिरुवर्क म्हणाली, "मासरेशा."

एल्केचं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. तिकडे हे नाव कोणाला धड उच्चारताही येत नसे. ते फक्त तिच्या जन्माच्या कागदावर होतं. "हे हिला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "मी तर तुम्हालासुद्धा सांगितलं नव्हतं."

तिरुवर्क वुब्शेतकडे वळली. "सांग तिला मी कोण ते. एकच शब्द लागतो. फार मेहनत नाही."

वुब्शेतने विमानाची वेळ होतेय असं काहीतरी पुटपुटत मनगट वर केलं, आणि बाही मागे सरकली. एल्केची नजर घड्याळावर गेली. तिने वही उघडली, फोटो काढला, बराच वेळ बघितला.

"हे तुम्ही आहात."

त्याने बाही पुन्हा खाली ओढली.

"आणि ही... मेली नव्हती? ते पत्र कोणी लिहिलं होतं?" तिने आवाज चढवला. "सोमवारी मी हा फोटो दाखवला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही मला पाच दिवस कॉफ्या पाजत फिरवलंत! माझी आई त्या डोंगरावर मोळ्या वाहते, आणि तुम्ही म्हणालात, सवय असते! माझी तिकडची आई मरेपर्यंत हिच्या नावाने फुलं वाहायची, रविवारी, मेणबत्ती लावून! तिलाही फसवलंत! मी आता काय करू? तीन तासांत काय करू मी?" ती रडत होती आणि वहीचं पान मुठीत चुरगळत होती. खिडकीच्या कडेवर तिरुवर्कचा मधाने चिकट झालेला हात होता. एल्केने तो धरला नव्हता, पण दूरही सारला नव्हता.

"काय म्हणते?" तिरुवर्कने विचारलं.

वुब्शेतने ओठांवरून जीभ फिरवली. "रागावलीय," तो म्हणाला.

तिरुवर्कने त्याच्याकडे बघितलं.

"एवढंच?"